सुपारीआधीची अंघोळ

तोटी फिरवली आणि बोटांतून मुंग्या चढल्या त्या थेट कोपरापर्यंत. मी हात झटकन मागे घेतला. पायाखाली ओली फरशी, चपला बाहेर दाराशी काढलेल्या, अंगावर इंदूआत्याची जरीची साडी, आणि डोक्यावर भिंतीला टांगलेला गिझर. त्याचा तांबडा दिवा चालू होता.

"गरम येतंय का गं?" बाहेरून कौसल्याबाईंनी विचारलं.

"येतंय, मावशी."

यापुढे काही बोलले नाही. न बोलण्याच्या बोलीवरच मला कुर्डुवाडीला आणलेलं होतं.

खरं तर मुलीनं स्वतः घर बघायला जायची आमच्यात रीत नाही. वडीलधारी जातात, घर बघतात, पटलं तर सुपारी फोडून येतात. पण माझी आई नव्हती, आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत होते, पिकू द्या मग काढू. घर बघायला जाणाऱ्या माणसाला घरच दिसणार नसेल तर काय उपयोग, म्हणून मी हट्ट धरला आणि इंदूआत्या, म्हणजे अण्णांची बहीण, नाइलाजानं कबूल झाली. एसटीत बसल्यापासून तिनं एकच जप लावला होता. "वैजे, तिथं दुकानाचं नाव काढायचं नाही. मी त्यांना सांगितलंय, पोरगी कधीमधी गल्ल्यावर बसती. बास."

बार्शीत आमचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. पाटी अण्णांच्या नावाची, पण डोळे अधू झाल्यापासून सगळं काम मीच करत होते. मोटारी, मिक्सर, इस्त्र्या, गिझर. गिऱ्हाइकांना वाटायचं अण्णाच करतात. आम्हीही तो गैरसमज जपून ठेवला होता. लपवता येत नव्हते ते फक्त हात. आधीच्या एका स्थळाच्या बाईंनी माझा तळवा उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "हात बाप्याचे दिसतात." मी म्हणाले, "कामाचे आहेत." ते स्थळ तिथंच संपलं. त्यानंतर अण्णा चार दिवस नीट जेवले नव्हते.

बोराट्यांचं स्थळ मात्र चटकन जुळत आलं. ते बार्शीला आले, पोहे खाल्ले आणि उठता उठता पसंती सांगून गेले. मुलगा दिगंबर, गावाबाहेर डाळिंबाच्या रोपांची नर्सरी नुकतीच सुरू केलेली. स्वयंपाक येतो का, असं त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "मोटर जळायला लागली की आधी कसला वास येतो हो? आमची गेल्या आठवड्यात गेली." मी म्हणाले, "वार्निश करपल्याचा. तो आला की बटण बंद करायचं, विचार नंतर करायचा." आत्या खोकली. तो हसला, आणि मला तो आवडला. उगाच आडवळणानं कशाला सांगू, फारच आवडला.

तर असा मामला. आज घर बघायचं, आणि बघून झालं की सुपारी फोडायची. लग्न महिन्याच्या आत. त्यांनाच घाई होती.

मी पाय न धुताच बाहेर आले. दिगंबरची आई, कौसल्याबाई, हातात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. पायांत रबरी स्लिपरा.

"मावशी, तुम्ही बाथरूममध्ये स्लिपर घालूनच जाता?"

"टाचांना भेगा हायत गं. फरशीवर पाय ठेववत न्हाई."

मी मान डोलावली. म्हणजे या बाईला कधी कळलंच नसणार.

बैठकीत अण्णा आणि भानुदासराव समोरासमोर बसले होते. भानुदासराव म्हणजे दिगंबरचे वडील, एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. दारातून आत येताना वाकावं लागेल असा उंच आडवा माणूस, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या प्रवाशालाही स्टॉप कळावा. मधल्या टेबलावर ताटात पान, सुपारी, हळदकुंकू मांडलेलं. आत्यानं मला शेजारी बसवून माझा पदर हातांवर ओढला.

"आता लपवून काय करायचं, अण्णा," भानुदासराव सांगत होते. "तुम्ही म्हणत असाल, ह्यांना एवढी घाई कशाची. पोरात काय खोट नाही. खोट माझ्यात आहे. माझ्या वडलांना लकवा झाला तो असाच सुरू झालता. आधी हातात मुंग्या, मग बधिरपणा, मग एक दिवस अर्धं अंगच गेलं. सात वर्षं खाटेवर होते. माझ्या आईनं काय काढलं ते मी बघितलंय. आता माझ्या हातात मुंग्या यायला लागल्यात."

"कधीपासून?" अण्णांनी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून. सोलापूरला दाखवलं. सुया टोचून घेतल्या, गोळ्या चालू हायत. जीप दारात उभी आहे बघा, तिला हात लावत नाही मी. वळणावर हात गळाला तर चार जीव जायचे. म्हणून म्हटलं, अंथरुणाला खिळायच्या आत पोराचं उरकून टाकू. घरात सून आली की हिला तेवढाच आधार."

कौसल्याबाईंनी पदरानं डोळे टिपले. दिगंबर दाराच्या चौकटीला टेकून खाली बघत उभा होता.

मी विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलंच. "मामा, मुंग्या कधी येतात? दिवसभर?"

आत्यानं मला कोपर मारलं.

"सकाळी जास्त," ते म्हणाले. "अंघोळीला गेलं की सुरू. डॉक्टर म्हणाले, थंडीतून एकदम कडक पाण्यात हात गेला की शिरा आखडतात. दिगंबर गार पाण्यानं उरकतो, मला मात्र पाणी लागतं कडक. बटण चालूच ठेवतो, वरून तोटी सोडतो आणि खाली बसतो."

तो लकवा भिंतीवर टांगलेला होता. मी आत्ताच त्याच्या तोटीला हात लावून आले होते.

मग दुसरीही गोष्ट त्याच क्षणी समजली. हे मी बोलले तर या माणसाचं दुखणं जाईल, आणि दुखणं गेलं की घाई जाईल. सगळं लग्न त्या घाईवर उभं होतं. ताटातली सुपारी समोर होती. अर्धा तास गप्प बसले तर ती फुटेल, आणि मग निवांत सांगता येईल की मामा, तुमचा गिझर खराब आहे बरं का. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. उलट घरात येण्याआधीच सासऱ्याचं दुखणं घालवणारी सून म्हणून कौतुकच झालं असतं. अण्णा नीट जेवले असते. मी गप्प बसायचं ठरवलं. खरंच ठरवलं.

"तर मग उशीर कशाला," भानुदासराव गुडघ्यांवर हात टेकून उठले. "सकाळपासून धावपळीत पारोसाच आहे मी. दोन तांबे अंगावर घेऊन येतो, मग सुपारी फोडू. दिगंबर, टॉवेल आण."

"मामा, जाऊ नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले होते.

"अंघोळ करू नका. आधी मेन स्विच बंद करा. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. तोटीत करंट उतरलाय."

"वैजे," आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "खाली बस."

भानुदासराव थोडे हसले. "अगं, करंट असता तर माणूस चिकटून मेला नसता का? गिझर पाणी तापवतोय झकास."

"तापवतो म्हणूनच कुणाला शंका येत नाही. आतल्या कॉइलच्या नळीला चीर गेली तरी पाणी तापत राहतं. आज मुंग्या येतायत, उद्या चीर वाढली की चिकटाल." मी पर्स उघडली. तिच्यात पावडरची डबी आणि टेस्टर, दोन्ही असायचं. आत्यानं घरून निघताना पर्स तपासली होती, पण अस्तराच्या आत हात घातला नव्हता. "या माझ्याबरोबर. दारात उभे राहा, आत येऊ नका."

मी कौसल्याबाईंच्या स्लिपरा पायांत चढवल्या, रबरातून करंट जात नाही, आणि टेस्टरचं टोक तोटीला टेकवलं. टेस्टर पेटला. भानुदासराव त्या तांबड्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"घरात करंट गळला की आपोआप पडणारा स्विच नव्हता का?" मी विचारलं.

"होता की," कौसल्याबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात रोज सकाळी पडायचा. ह्यांनीच कटकट म्हणून काढून टाकायला लावला."

"रोज सकाळीच ना? अंघोळीच्या वेळेला?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "व्हय गं बाई. अंघोळीच्याच वेळेला."

भानुदासराव अण्णांकडे वळले. "अण्णा, तुम्ही जाणते. पोर म्हणते ते खरं का? जरा बघा की तुम्ही."

आत्या घाईघाईनं म्हणाली, "हो हो, अण्णाच बघतील."

अण्णा खुर्चीतून उठले, चाचपडत भिंतीला धरून आले. "पाव्हणं," ते म्हणाले, "मला आता वायर तांबडी का काळी ते दिसत न्हाई. गेली तीन वर्षं दुकान हीच चालवती. तुम्हाला सांगितलं न्हाई, आम्ही चुकलो. पण ती करंट आहे म्हणाली म्हणजे आहे."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. मी मात्र त्या दिवशी अण्णांकडे बघून ताठ उभी राहिले. लोकांसमोर ते पहिल्यांदाच असं बोलले होते.

"पाना आहे का घरात?" मी विचारलं. "आणि पकड, स्क्रू ड्रायव्हर?"

"जीपची सगळी हत्यारं हायत," भानुदासराव म्हणाले आणि स्वतःच आणायला गेले.

मी पदर खोचला. मेन स्विच बंद केला, टेस्टर पुन्हा लावून खात्री केली, टाकीतून येणारं पाणी बंद केलं. गिझरमधलं पाणी बादल्यांत काढलं. ते कौसल्याबाईंनी लगेच तुळशीला आणि कढीपत्त्याला नेलं, कारण त्या गावात पाणी गटारात सोडणं म्हणजे पाप. खालचं झाकण काढलं, कुठली वायर कुठं ते नजरेत बसवलं, नट सोडवले. कॉइल बाहेर ओढली तर ती कॉइल दिसतच नव्हती. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून बसून तिच्यावर पांढरा दगडी थर झालेला. पकडीनं हलकेच ठोकला तसे पापुद्रे पडले आणि नळीवर लांबलचक चीर दिसली, आत काळंठिक्कर.

"हा तुमचा लकवा," मी म्हणाले.

भानुदासरावांनी ती कॉइल हातात घेतली. बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. "ह्या क्षारानंच वाचलो म्हणायचं का मग? थर होता म्हणून कमी लागत होतं?"

"तसंच समजा. पण त्याच क्षारानं नळी फोडली."

दिगंबर नमुन्याला तीच कॉइल घेऊन मोटरसायकलवरून स्टेशनजवळच्या दुकानात गेला. मी सांगितलं होतं, तेवढ्याच वॉटची, सोबत नवीन रबर, आणि तो पडणारा स्विचही. तो येईपर्यंत मी अर्थिंगची वायर शोधली. ती घरामागे एका पाइपाला बांधलेली होती, पण खड्डा कोरडा ठणठणीत. कधीपासून कुणी पाणी घातलं नव्हतं.

दिगंबर आला तेव्हा मी त्या खड्ड्यात मीठ आणि पाणी ओतत होते. तो शेजारी उकिडवा बसला.

"हे कशाला?"

"जमीन ओली असली की चुकलेला करंट माणसातून न जाता जमिनीत जातो. आठवड्याला एक बादली घाला."

"घालीन." तो थोडा थांबला. "एक विचारू? तुम्हाला हे पाय धुवायला गेलात तेव्हाच कळलं होतं ना?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलायचं नाही म्हणून बजावून आणलं होतं. आणि मामांचं दुखणं ऐकल्यावर वाटलं, सुपारी झाल्यावर सांगावं."

त्याला अर्थ कळायला वेळ लागला नाही. कान लाल झाले. मातीत बोट फिरवत तो म्हणाला, "खरं सांगू का, मला दोन वर्षं हवी होती. नर्सरी उभी राहीपर्यंत. दादांच्या तब्येतीपुढं मला नाही म्हणता आलं नाही."

"आता म्हणता येईल," मी म्हणाले आणि रिकामी बादली त्याच्या हातात दिली.

नवी कॉइल बसवली. नट समोरासमोरचे आवळत गेले, म्हणजे रबर एका बाजूला दबत नाही. वायरी जोडल्या, अर्थिंग जोडलं, काढून टाकलेल्या स्विचच्या जागी नवा बसवला. आधी गिझर भरू दिला, गरम तोटीतून धार आली तेव्हाच बटण दाबलं. टेस्टर लावला. पेटला नाही.

"मामा, आता जा अंघोळीला. दर वेळी पाणी तापलं की बटण बंद करून मगच आत जायचं. पण आजचा दिवस चालू ठेवा आणि तोटी अनवाणी धरा. मी इथं दाराशी आहे."

ते आत गेले. बाकीचे बैठकीत बसले, मी दाराशी. पाण्याचा आवाज आला, थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. कौसल्याबाई उठून दाराशी आल्या.

"अहो?"

"धरलीय," आतून आवाज आला. "धरूनच उभा आहे. काही नाही गं. काहीच नाही."

आणि तो आवाज फुटला. एवढा मोठा माणूस बाथरूममध्ये हुंदके देऊन रडत होता आणि बाहेर त्याची बायको दाराला कपाळ टेकवून रडत होती. मलाही राहवलं नाही.

ते कपडे घालून आले, केस ओले, डोळे लाल. ताटासमोर बसले. सुपारी उचलली, बोटांत फिरवली आणि परत ताटात ठेवली.

"अण्णा, राग मानू नका. आज सुपारी नको."

आत्या म्हणाली, "का हो? पोरीनं काय..."

"पोरीनं मला उभं केलं. पण मी भ्यालो होतो, ताई. भिऊन पोराच्या मानगुटीवर बसलो होतो. त्याला दोन वर्षं पाहिजे होती, मला माहीत होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज भीती गेली. आता भीतीतला सौदा पुढं कसा रेटू?"

दिगंबरनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. अण्णा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, पाव्हणं," आणि काठी शोधायला लागले.

परतीच्या एसटीत आत्यानं माझी खरडपट्टी काढली. हातातोंडाशी आलेला घास, नुसतं अर्धा तास तोंड मिटून बसायचं होतं. अण्णा एकदाच बोलले, "इंदे, त्या अर्ध्या तासात तो माणूस गेला असता तर?" मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. खिडकीकडे तोंड करून बसले. पण चुकलं असं एकदाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात अण्णांच्या खुर्चीवर बसायला लागले, उघड उघड. गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग सवय झाली. मधल्या काळात एक स्थळ आलं. त्यांना मी आधीच सांगून टाकलं की दुकान माझं आहे आणि चालूच राहील. ते परत आले नाहीत. अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी पट्टी काढल्यावर पहिल्यांदा माझे हात बघितले. मग ते थोपटले.

उन्हाळा संपत आला होता. मी पाणबुडी मोटर भरत होते, आणि दारात जीप थांबली. ड्रायव्हरच्या सीटवरून भानुदासराव उतरले. तो आवाज आख्ख्या गल्लीला ऐकू गेला.

"अण्णा, आहात का? स्वतः चालवत आलोय, कुर्डुवाडीपासून."

चहा झाला. त्यांनी दुकान बघितलं, मला काम करताना बघितलं, एका मोटारीबद्दल दोन प्रश्न विचारले. मग मांडी घालून बसले.

"अण्णा, ह्या दिवसांत पोराला चार स्थळं सांगून आली. त्यानं एक बघितलं नाही, मीही आग्रह केला नाही. तेव्हा घाई होती, तर कुठलीही चांगली पोरगी चालली असती. आता घाई नाही. आता हीच पाहिजे."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांना मी दिसत होते. "वैजे, काय सांगू?"

मी हातातलं काम थांबवलं नाही. "मामा, तुमचा मान मोठा. पण ज्याचं लग्न आहे त्यानं विचारायला यावं. आणि दुकान बंद होणार नाही, हे आधी सांगते."

भानुदासराव मोठ्यानं हसले. "जीपमध्ये बसलाय की. म्हणाला, दादा, तुम्ही माझ्या आधी बोललात तर मी उतरणारच नाही. मला दम निघाला नाही."

दिगंबर आत आला. उन्हानं काळवंडला होता, नखांत माती. माझ्या नखांत वार्निश. त्यानं आधी अण्णांना नमस्कार केला आणि मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"दुकान चालू राहू दे. कुर्डुवाडी काय लांब आहे?" तो म्हणाला. "मी दोन वर्षं मागितली होती. तुमच्यामुळं ती मिळाली. पण ती एकट्यानं काढायची नाहीत मला."

मी तार खाली ठेवली, हात पुसले आणि अण्णांना म्हणाले, "अण्णा, आज दुकान लवकर बंद करूया. सुपारी आणायचीय."